उभ्यानं चालवायची गाडी

१४ नोव्हेंबर १९९६, गुरुवार
दिवाळीची गर्दी ओसरली. दुकानात आज महिन्यात पहिल्यांदा चहा गरम असताना प्यायलो. दुपारच्या टपालात दिलीपचं कार्ड. कॉलेजातला, पुण्याचा. वर्षाकाठी एक कार्ड पाठवतो, तेही दोन ओळींचं. या वेळी चार ओळी. जानेवारीअखेर नगरला मातीवरची मोटारसायकल शर्यत आहे, पस्तिशीच्या पुढच्यांचा वेगळा गट ठेवलाय. 'बघायला येऊ नकोस. गाडी घेऊन ये.'

गाडी! सतरा वर्षांत स्कूटरशिवाय कशाला पाय लावलेला नाही. वय अडतीस, ढेरी, बापाचं कापडाचं दुकान.

कार्ड ताग्यांच्या आड तीनदा वाचलं. घरी सुमनला दाखवलं. भाकरी थापता थापता वाचलं तिनं.
"गाडी कुठंय?"
"घ्यावी लागंल. जुनी बघतो."
"अन् हे पोट?"
हसली. लग्नाला चौदा वर्षं झाली, ती नाही म्हणते तेव्हा कशी म्हणते ते मला ठाऊक आहे. हे तसलं नव्हतं.

१५ नोव्हें., शुक्र.
रफीकभाईच्या गॅरेजात. मी पुण्याहून सुट्टीला आलो की माझी गाडी हाच खोलायचा. आता त्याची दाढी पांढरी झालीय. कार्ड वाचून दाखवलं, तर सरळ एक गाडी मधल्या स्टँडवर चढवली त्यानं.
"चढा सेठ. फुटरेस्टवर हुबं ऱ्हावा, गुडघे वाकवून. मी चहा पितो तवर."

मातीत गाडी बसून चालवत नाहीत. खड्डा, ढेकळं, उडी, सगळं पायांवर घ्यायचं. सीट नावालाच. हे ज्ञान मी एके काळी होस्टेलच्या पोरांना पाजायचो. आज रफीकभाईचा अर्धा कप संपायच्या आत मांड्या लटलटा कापायला लागल्या. उतरलो ते गाडीला धरून.
"गुडघा दुकानाचा झाला तुमचा," रफीकभाई म्हणाला.
खरंय. पंधरा वर्षं गादीवर मांडी घालून बसतोय. सकाळी नऊला जे बसायचं ते जेवायलाच उठायचं. पायांनी तेच शिकलं.
ठरलं: रोज उभं राहायचं. जमेल तिथं, जमेल तेवढं.

१७ नोव्हें., रवि.
पहिली गाडी पाहिली. कोर्टाजवळ, एका रिटायर कारकुनाकडे. माझी होती तीच जात. अडीचशे सीसीची, दोन सायलेन्सरवाली, जड, काळी. एका किकेत चालू झाली. तो आवाज ऐकून मला काय झालं ते लिहिता येत नाही.

रफीकभाईनं मात्र तिथं पोचल्या पोचल्या, नमस्काराच्याही आधी, इंजिनवर पंजा ठेवला होता. परतताना म्हणाला, "गरम होती सेठ. आपण यायच्या आधी चालवून ठेवलेली. थंड असती तर पहिल्या किकेलाच तिनं खरं सांगितलं असतं." वर म्हणाला, तुमच्या गुडघ्यांना ही पेलणार नाही, मातीत दोनदा पडली की तिसऱ्यांदा उभी करायला चार माणसं लागतील.
सगळं पटलं. तरी मला तीच हवी.

आमच्या घरात एक गोष्ट आहे. पुण्याला शर्यतीत मी पडलो, खांद्याचं हाड मोडलं, वडील, म्हणजे अप्पा, घाबरले, त्यांनी गाडी विकली, आणि पोराचं शर्यतीत उतरणं राहिलं. पाहुणे आले की अप्पा स्वतःच सांगतात, "माझ्यापायी राहिलं त्याचं." माझं जुनं हेल्मेट त्यांनी जपून ठेवलंय. खंडेनवमीला मीटरपट्टी आणि कात्रीच्या शेजारी तेही पूजेला मांडतात. त्याला भस्म लावतात. मी उभा राहून बघतो.

खरं असं आहे की हाड तीन महिन्यांत जुळलं होतं. मी परत शर्यतीत उतरलो होतो, हे घरी कुणाला माहीत नाही. उडीच्या उंचवट्यापाशी आलो आणि मुठीतली रेस सोडून दिली, गाडी मंदावली. पुढच्या फेरीत पुन्हा. तिसऱ्या फेरीत पुन्हा. चौथ्या फेरीला गाडी बाजूला घेतली आणि दिलीपला सांगितलं, प्लग गेला. प्लगला काहीही झालं नव्हतं. मी भ्यालो होतो. त्याच दिवाळीत अप्पांनी गाडी विकली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांचं नाव पुढं करून मी सतरा वर्षं बसलोय.

१८ नोव्हें., सोम.
दुकानात उभं राहायला सुरुवात. फजिती.
पाली गावचं बिऱ्हाड आलं होतं, लग्नाचं लुगडं घ्यायला, पाच बाया. सतरा लुगडी उलगडून झालेली, अठरावं मोरपंखी, तेच मनात भरलेलं. नेमके माझे गुडघे आखडले, म्हणून उठलो. त्यांच्यातली म्हातारी पटकन पदर सावरून म्हणाली, "सेठ उठले. चला गं." पाचही जणी चपला घालून बाहेर.

आमच्या धंद्यात सेठ उठला की बोलणं संपलं. भाव पटत नाही, तुम्ही निघा, असा त्याचा अर्थ. जीभ उचलण्यापेक्षा बूड उचलणं सोपं म्हणून वाडवडिलांनी लावलेली रीत असणार. मी साफ विसरलो.
अप्पा लोडाला टेकून सगळं बघत होते.
"कावून उठलास बे? बसलेलं गिऱ्हाईक हुसकून लावतोस?"
"गुडघे, अप्पा."
"मी बहात्तर वर्साचा हाय. मी उठलो का?"
समोर नवीन झालेल्या शोरूमकडे बोट केलं त्यांनी. तिथं काचेचं काऊंटर, पोरं उभ्यानं कापड दाखवतात, पंखा गरगर. "तिथं जाऊन हुबा ऱ्हा मग." अप्पांना ते काऊंटर डोळ्यांसमोर नको असतं.

२० नोव्हें., बुध.
तोड काढली. चालणारा सगळा माल वरच्या फळीवर टाकला. आता गिऱ्हाईक काही मागतं, मी उठतो, फळीवर हात घालतो, गुडघे अर्धवट वाकवून उभा राहतो आणि मुद्दाम शोधत बसतो. हात फळीवर असला की लोक उठत नाहीत. आज मोजून अकरा वेळा. शेजारच्या भांडीवाल्यानं हळूच विचारलं, "सेठ, मूळव्याधीचा तरास हाय का? माझ्याकडं चांगलं औषध हाय."
मांड्या दुखतायत. बरं वाटतंय.

२१ नोव्हें., गुरु.
चकलांब्याला. गेवराईपर्यंत एस.टी., पुढं जीप. रफीकभाईनं पत्ता काढला होता. भानुदास मुकादम, ऊसतोडीची टोळी नेतो. त्याच्याकडची गाडी शंभर सीसीची. औरंगाबादच्या कुण्या हौशी माणसानं मातीसाठी बांधलेली: मडगार्ड उंच, दिवा काढलेला, मागं खोल खाचांचा जाड टायर, शॉकअप बदललेले. मुकादमानं ती शेता-शेतांतून फिरायला घेतली. सीटला उसाच्या पाचटाचे ओरखडे, हँडलला जुन्या लुगड्याची चिंधी. दिसायला भिकार.

रफीकभाईनं पंजा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. थंडगार.
"तुमीच मारा की किक," मुकादम म्हणाला. "आमी कशाला मधी?"
तिसऱ्या किकेला चालू झाली, खोकत, धूर सोडत, पण चालू झाली. काढलेल्या बाजरीच्या रानात घेतली. काय हलकी! सांगू तिकडं वळते. उभा राहिलो. शंभर पावलं तरी उभ्यानं गेलो असेन. वारा तोंडात गेला, ओरडलोही बहुतेक.
रानाच्या टोकाला बांध. मांडीइतका उंच, मुकादम रोज त्याच्यावरून पलीकडं उडतो, टायरांनी चाकोरी पडलीय. "उडवा की!" तो लांबून ओरडला. मी निघालो. बांध जवळ आला आणि हातानं आपोआप रेस सोडली. गाडी बांधाला नाक लावून थांबली.

मुकादमाची बायको शेण्या गोळा करत होती. "कावून थांबलात ओ?"
"गाडी नवी हाय हाताला," म्हणालो. सतरा वर्षांपूर्वी प्लग, आता हे. माझी सबब तेवढी ताजी निघते.

मुकादमाचा ट्रक २९ला निघतो, टोळीसकट, थेट कारखान्यावर. तोवर सांगा, नाहीतर ट्रकात घालून घेऊन जातो म्हणाला.
ही गाडी बरोबर आहे. म्हणूनच मला नकोय. त्या काळ्या गाडीवरून उडी चुकली तर गाडी जड होती म्हणता येईल. हिच्यावर काय म्हणू?

२४ नोव्हें., रवि.
यात्रेसाठी कपिलधारला. मी, सुमन, अप्पा. गर्दी लई. अप्पा माझ्या खांद्याला धरून पायऱ्या उतरले. धबधब्याला यंदा चांगलं पाणी. तुषार अंगावर घेत तिघं कातळावर बसलो, सुमननं दशम्या सोडल्या. अप्पांच्या कपाळाचं भस्म ओलं होऊन भुवयांत उतरलं होतं.
एकाएकी म्हणाले, "रफीककडून कळलं मला सगळं. कोर्टापाशी जाऊन आलो मी काल. नारळ देऊन आलो."
"कशाचा नारळ?"
"गाडीचा. तुझी होती तसलीच हाय म्हणं. मी इकली, मीच आणून देतो. डोळं मिटायच्या आत एवढं फिटू दे माझं."

नारळ म्हणजे शब्द. अप्पांनी पन्नास वर्षांत दिलेला नारळ फिरवलेला नाही. मी पाण्याकडे बघत राहिलो. त्यांना वाटलं, मला भरून आलंय. पाठीवरून हात फिरवला माझ्या. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

२५ नोव्हें., सोम.
काळी घेतली तर अप्पांचं फिटेल, माझी गोष्ट शाबूत राहील, आणि मी उडीपाशी पुन्हा थांबेन. हलकी घ्यायची तर अप्पांना कारण सांगावं लागेल. कारण एकच आहे.

सुमन गहू निवडत होती. तिला सांगितलं. सगळं, प्लगसकट. तिनं सूप खाली ठेवलं नाही.
"मला वाटलंच होतं."
"कसं?"
"चौदा वर्सांत तुमी मीठ कमी पडलं तरी फुगून बसता. अन् गाडी इकली म्हणून मामंजींवर एकदा तरी चिडला का? कुणाची लाडकी वस्तू इकली तर माणूस तोंड तर वाकडं करंल."
तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला.
"मामंजींना सांगा. त्यांचं वझं उतरवा आधी, मग काय उडायचं ते उडा."

२६ नोव्हें., मंगळ.
आज नाही. दुकानात माणसं होती. (दुपारी एक तास कुणीही नव्हतं.)

२७ नोव्हें., बुध.
सांगितलं.
तीनचा सुमार. उन्हात रस्ता मोकळा. अप्पा एका ताग्याच्या घड्या घालत होते. मी उठून उभा राहिलो. बसून तोंडातून निघेना.
"उठलास? सौदा मोडला का काय?" थट्टेत होते.
सांगून टाकलं. हाड जुळलं होतं ते. शर्यत, तीन फेऱ्या, प्लग. तुम्ही गाडी विकली तेव्हा मला बरं वाटलं होतं ते. शेवटी म्हणालो, "तुमच्यामुळं न्हाई राहिलं, अप्पा. मी भ्यालो."

ते घड्या घालत राहिले. पट्टी लावून कापड सरळ केलं. मग म्हणाले, "मला वाटायचं, तुझ्या पोटात राग हाय. जेवताना गप असलास की वाटायचं, तोच इचार करतोय. तुझ्या आईनं जाताना सुदिक मला म्हणलं, पोराची गाडी इकायला नको होती. अन् तुला राग न्हवताच?"
"न्हवता."
"सतरा वर्सं," म्हणाले.

आणि उठले. अप्पा दुकान उघडं असताना उठले. लोडाला हात टेकून, गुडघ्यावर हात टेकून, पायरी उतरून चप्पल शोधली आणि भर उन्हात चालू लागले. मागून हाक मारली. वळले नाहीत. घरी येऊन जेवले नाहीत, सुमनशीही बोलले नाहीत.

२८ नोव्हें., गुरु.
सकाळी पूजा आटोपून अप्पा बाहेर पडले, दुकानात आलेच नाहीत. त्यांचा लोड रिकामा. तीन गिऱ्हाइकांनी विचारलं, सेठजी बरे आहेत ना. आज मी दिवसभर बसूनच होतो. उभं राहायची इच्छा झाली नाही.

चारला रफीकभाई आला. उभ्याउभ्याच बोलला.
"सेठ, तुमचे अब्बा सकाळी गॅरेजात. मला म्हणले, स्कूटर काढ, कोर्टापाशी चल. गेलो. त्या कारकुनाला म्हणले, नारळ परत द्या, माझा शब्द मी मागं घेतो. तो म्हणला, सेठजी तुमी? तुमी शब्द फिरवता? तर म्हणले, हौ, पोराला ती गाडी बसत न्हाई."
"आणखी काय म्हणाले?"
"वाटेत मला विचारलं, गाडीवर हात ठेवून काय बघतोस. मी सांगितलं. चकलांब्याच्या गाडीचं अन् ट्रकाचंबी सांगितलं."

मी दुकान अर्धा तास बंद केलं. आतल्या बाजूला, ताग्यांमध्ये बसून रडलो. लिहायला लाज नाही.

२९ नोव्हें., शुक्र.
पहाटेच अप्पा कपडे करून तयार. "ट्रक कितीला हाय?" एवढंच. एस.टी.त खिडकीशी बसले. गेवराईपर्यंत बाहेरच बघत होते.

चकलांब्यात ट्रक लागलेला. भांडी, कोयत्यांच्या मोळ्या, टोपलीत कोंबड्या, एक शेळी वर चढायला तयार नाही, बाया एकमेकींच्या नावानं ओरडतायत. गाडी भिंतीला टेकवलेली. अप्पा सरळ तिच्याकडे गेले. धोतर सावरलं, वाकले आणि इंजिनवर पंजा ठेवला. बराच वेळ.
"थंड हाय," म्हणाले. माझ्याकडे न बघता.
मुकादमानं त्यांना बाज टाकली. मांडी घालून बसले, गादीवर बसतात तसेच. मुकादमाच्या बायकोनं चहा आणला. "तुमचं लेकरू त्या दिशी बांधापाशी थांबलं ओ," तिनं सांगून टाकलंच.
"व्हय, थांबतं ते," अप्पा म्हणाले. रागानं नाही. पाऊस पडतो म्हणावं तसं.

चौथ्या किकेला चालू. रानात दोन फेऱ्या मारल्या. पाय आता कापत नाहीत. तिसऱ्या फेरीला बांधाकडं वळवली, उभा राहिलो, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, अप्पा बाजेवरून उठून उभे राहिलेत.
मी रेस सोडली नाही. पिळलीही नाही, खरं सांगायचं तर. होती तेवढीच धरून ठेवली. पुढचं चाक वर गेलं, मागचं बांधाला घासलं, पलीकडं धाडकन उतरलो, हँडल हातातून सुटता सुटता राहिलं. उडालो असं कुणी म्हणणार नाही. वीतभर असेल.

परतलो तर अप्पा अजून उभे. मुकादम टाळ्या पिटत होता. अप्पा म्हणाले, "मागचं चाक घासलं."
"हो."
"मग पुन्ना जा."
पुन्हा गेलो. पुन्हा घासलं.

१ डिसें., रवि.
गाडी आता घरी आहे. कालपासून रोज सकाळी पालीच्या धरणाखाली, माळावर. मुरुमाचा एक उंचवटा सापडलाय. आज दहा वेळा गेलो. सात वेळा रेस सोडली, तीन वेळा नाही. रफीकभाई दगडावर बसून बोटं मोजतो. गाडीचा क्लच आता शहाण्यासारखा वागतो, मडगार्डला तडा आहे तो राहू द्या म्हणाला.

जुनं हेल्मेट अप्पांनी स्वतः कपाटातून काढून आणलं. वरचं भस्म आणि हळद पुसली. आत बोट घातलं तर फोमचा भुगा हातात आला. "हे टाकून दे," म्हणाले. "डोस्क्याला नवं घे."
सतरा खंडेनवम्या पुजलेलं. सुमननं त्यात कोथिंबीर लावायचं ठरवलंय.

४ डिसें., बुध.
आज दहापैकी चार. काल दोनच होते, म्हणजे काही सांगता येत नाही.

दुकानात गेलो तर सुतार माप घेत होता. गादीची पुढची बाजू, पायरीपासून खांबापर्यंत. मी विचारलं, हे काय. अप्पा लोडाला टेकून म्हणाले, "काऊंटर. तुझ्या पायाला बरं. सेठ उठले म्हणून गिऱ्हाईक पळायला नको." समोरच्या शोरूमकडं त्यांनी पाहिलं नाही. त्या दुपारविषयी आम्ही अजून बोललेलो नाही, बोलू असं वाटतही नाही.

सुतार गेल्यावर मला जवळ बोलावलं.
"ते उडीपाशी येतोस, तवा काय व्हतं तुला?"
"हात आपोआप सुटतो. मला कळतं, तवर सुटलेला असतो."
"डोळं मिटतोस?"
"न्हाई."
"नगरला उडी किती मोठी?"
"पुरुषभर असंल."
अप्पांनी पट्टी उचलली, हाताच्या तळव्यावर दोनदा टेकवली.
"सुटला तर सुटला. प्लग गेला म्हणू नको, बास. भ्यालो म्हण अन् घरी ये."
"हो."
"मी येतो नगरला."
"दिवसभर ऊन असतं अप्पा, बसायला सुदिक काही नसतं तिथं."
"बसतोय कोण?"

दिलीपला कार्ड टाकलं. 'येतो. सोबत अप्पा आहेत. आणि त्या वेळचा प्लग चांगला होता.'